बागेतल्या शेडच्या फटी

ता. ३, सोमवार

आज आलेलं सामान:
लांबी (पुट्टी), पाच किलो — ९०
जवसाचं तेल, तीन डबे — ४०० (एक डबा पोचे पडलेला, म्हणून वीस कमी करून घेतले)
डांबर, एक डबा — ११०
तागाची सुतळी, दोन गुंड्या — ३६
लाकडी पट्ट्या, तीन डझन — १८०
खिळे, अर्धा किलो — ३५
तारेचा ब्रश — २५
लांबी भरायच्या पात्या, दोन — ३०
हातगाडी — ४० (पन्नास मागत होता. वाटेत चढ कुठे लागला तेवढा दाखव म्हटल्यावर चाळीसवर आला.)
एकूण ९४६. निम्मे मालकीणबाई देणार.

या घरात येऊन आज आठवडा झाला. भांडी लागली, पडदे लागले, देवाचा कोपरा पुसून मांडून झाला, आणि आज कुठे वही घेऊन निवांत टेकले. घर मनासारखं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, नळाला दिवसभर पाणी, आणि मागे बाग. बाग म्हणजे चार झाडं आणि गुडघाभर गवत, पण आपलं म्हणायला पुष्कळ. यांची कचेरीही पायी जाण्याजोगी, त्यामुळे दुपारी जेवायला घरी येतात आणि डब्याची कटकट वाचते. बदली झाली म्हणून मी उगाच डोळे गाळले होते. देव देतो तेव्हा बरोबर मापाने देतो.

बागेच्या टोकाला लाकडी शेड आहे. आठ हात लांब, सहा हात रुंद, वर पत्रा, एक दार, खिडकी नाही. भिंतीच्या आडव्या फळ्या एकीवर एक चढवून ठोकल्या आहेत, पण उन्हापावसात सुकून इतक्या आक्रसल्यात की आत उभं राहिलं तर अंगावर उन्हाचे पट्टे पडतात. हे म्हणाले, ही शेड नव्हे, चाळण आहे, यात पीठ चाळत जा.

मी मनातल्या मनात ती शेड बेबीला देऊन टाकली आहे. बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. नवऱ्याने टाकल्यापासून दादाच्या घरी आहे, आणि तिथे वहिनी तिच्या चहात दूध किती पडलं तेही बघते. बेबीच्या हातात शिवणकाम आहे, मशीन तिचं स्वतःचं आहे, नाही ती फक्त जागा. आमच्या दोन खोल्यांत ती पाहुणी म्हणून आली तर महिन्याभरात तिलाच लाज वाटेल. पण शेड कोरडी झाली, तर तिची स्वतःची खोली होईल. तिच्या दाराला तिची कडी. यांना विचारलं, तर म्हणाले, तू ठरवलंयस, मला विचारण्याचं नाटक कशाला.

मालकीणबाई शेजारच्याच घरात राहतात. साठीच्या पुढच्या, एकट्या, बोलायला गोड. नातं ना गोतं, पण मला पहिल्या दिवसापासून सूनबाई म्हणतात. शेडची गोष्ट काढली तर त्या माझ्याहून खूश. म्हणाल्या, तू तिच्या सगळ्या फटी बुजव, वर्षभर भाडं निम्मं दे. फक्त बाहेरून बुजव आणि एकही ठेवू नकोस. त्यांचा विचार बदलायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

ता. ४, मंगळवार

सुतार येऊन गेला. फळ्यांवर टकटक केली, चहा घेतला, म्हणाला उद्यापासून लागतो. हे म्हणाले, याचं नाव उद्यासाहेब ठेवा. मी म्हटलं, उद्यासाहेबांची मजुरीही उद्याच देऊ, आणि पदर खोचून स्वतःच लागले. मॅट्रिकपर्यंत शिकले, घराचा जमाखर्च सांभाळते, मला फळ्यांमधल्या फटी भरता येणार नाहीत होय.

काम असं: आधी तारेच्या ब्रशने शेवाळ आणि जुना रंग खरवडायचा. बोटाएवढ्या फटीत डांबरात बुडवलेला ताग पातीने ठासायचा, बारीक फटीत लांबी. सांध्यावरून पट्टी ठोकायची. मग वरून जवसाच्या तेलाचे दोन हात, आणि जमिनीलगतच्या दोन फळ्यांना डांबर. तोंडाने देवाचं नाव चालू ठेवलं की हात आपोआप चालतो.

आत झाडायला गेले तेव्हा मागच्या भिंतीवर ओल दिसली. सुपाएवढी, जमिनीपासून वर कमरेपर्यंत. पावसाची असणार.

ता. ६, गुरुवार

मागची भिंत पुरी झाली. हात काळे, कंबर मोडली, पण दुरून बघितलं तर भिंत कशी नव्या पेटीसारखी दिसते. हे जेवायला आले तेव्हा मुद्दाम मागे नेऊन दाखवली. म्हणाले, उद्यासाहेबांच्या पोटावर पाय आणलास.

आतली ओल मात्र तशीच. आठवड्यात थेंब पडलेला नाही, बाहेरून ऊन तापतं आहे, फळी बाहेरून खडखडीत आणि आतून ओली. बोट लावून बघितलं. पाणी गार असायला हवं. हे कोमट होतं.

ता. ९, रविवार

आज फार चिडले आहे.

सकाळी मागच्या भिंतीकडे गेले तर खालच्या तीन फळ्यांमधली लांबी बाहेर पडलेली. भरलेली लांबी कच्ची असताना थोडी ओघळते, ते मला कळतं. ही ओघळलेली नव्हती. लांबच्या लांब पट्टीच्या पट्टी निघून गवतात पडली होती, आणि तिच्यात माती नि मुंग्या. सगळी फुकट. चांगली लांबी, मी स्वतः मळलेली.

यांना सुट्टी, म्हणून हे सकाळी बागेत फिरत होते. मी विचारलं, गंमत म्हणून उकरलीत का. आधी हसले. मग मी आवाज चढवला तसे म्हणाले की माणसाने सुट्टीच्या दिवशी घरात बसावं की बाहेर, हे एकदा पाटीवर लिहून लाव. मीही सोडलं नाही. तुम्हाला सगळ्याचीच थट्टा, बेबीच्या जागी तुमची बहीण असती तर काल रात्रीच फळ्या ठोकून मोकळे झाला असता, असं बोलून गेले.

दुपारी पुन्हा भरली. या वेळी दाबून.

ता. ११, मंगळवार

पुन्हा तेच. आता मागची भिंत आणि डावीकडची अर्धी.

हे दिवसभर कचेरीत होते, तेव्हा त्यांच्यावर आळ घेता येत नाही. उंदीर म्हणावं तर दाताची खूण नाही. उद्यासाहेबाने सूड घेतला असेल म्हणून त्याच्या दुकानावर गेले आणि चार लोकांत त्याला सुनावलं. तो म्हणाला, बाई, मला माझ्या कामाला यायला वेळ होत नाही, तुमचं काम बिघडवायला कुठून यायचा. लोक हसले. मी तिथून निघाले.

घरी येऊन गवतातली एक पट्टी उचलून नीट बघितली. तिच्या आतल्या अंगाला, म्हणजे जी बाजू शेडच्या आत असते तिला, बोटांच्या टोकांचे खड्डे होते. एका ओळीत, जवळजवळ. कोणीतरी आतून ढकलली होती. शेडला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, संताप आला. मी इथे उन्हात हाडं मोडते आणि कोणीतरी आत बसून माझ्या कामाची माती करतो. दाराला तोंड लावून म्हटलं, तू ढकलून दमशील, मी भरून दमणार नाही.

ता. १४, शुक्रवार

लांबीच्या वरून आता सगळीकडे पट्ट्या. खिळे चार चार बोटांवर. अजून दोन डझन पट्ट्या नि अर्धा किलो खिळे आणले, १५५. बजेट कोलमडलं, कोलमडू दे.

आतली ओल मोठी झाली आहे आणि तिला आकार आला आहे. खाली रुंद, मध्ये निमुळती, मग खांदे, मग डोकं. पाय पसरून भिंतीला टेकून बसलेला माणूस उठून गेला आणि त्याचा घाम भिंतीला राहिला, तशी. मी चुना फासला. तासाभरात चुन्यातून तशीच वर आली. पुन्हा फासला.

यांना दाखवलं. बघत राहिले नि म्हणाले, बिचारा दमून बसलाय, आणि याला कोणी बोलतही नाही. म्हणजे टोमणा मला. मी म्हटलं, तुम्हाला एवढं सुख वाटतं तर तुम्हीही बसा त्याच्या शेजारी. हे हसले नाहीत. भिंतीकडेच बघत होते.

ता. १७, सोमवार

आज झालं.

शेवटची फट उंबऱ्याखाली होती, बोटभर रुंद. मालकीणबाई सकाळपासून खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी डांबरातला ताग ठासला, की आतून मागे येई. दोन अंगठे लावून धरला. पलीकडूनही जोर होता. हाताला हात लागावा तसा. मी दात खाऊन, देवाचं नाव घेऊन, पट्टी आडवी ठेवली आणि खिळे हाणले. एक, आणखी एक. आणि जोर गेला. एकदम गेला, दोरी तुटावी तसा.

मालकीणबाई उठल्या. चारी बाजूंनी फिरल्या, प्रत्येक सांध्यावर तळहात फिरवला. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, सूनबाई, तुझ्याआधी तीन भाडेकरूंनी प्रयत्न केला, दुसऱ्या खेपेलाच हात टेकले, तू चिवट निघालीस. सामानाचे निम्मे पैसे तिथेच हातावर ठेवले. मला वाटलं, जगात अजून चांगली माणसं आहेत.

आत जाऊन बघितलं: भिंत कोरडी. ठणठणीत. ओलीचा डागसुद्धा नाही. दार लावलं की काळोख आणि उबारा, बाहेरचा आवाजही येत नाही. दिव्याची तार ओढून घेऊ, खिडकी पुढे पाडू. बेबीला पत्र टाकलं की तुझी खोली तयार झाली, मशीन बांधायला घे, नक्की दिवस मागाहून कळवते.

ता. १९, बुधवार

हे आता जेवण झालं की शेडमध्ये जाऊन बसतात. कचेरीत परतायच्या आधी अर्धा तास. आत शांत वाटतं म्हणतात. जाताना म्हणाले, तिथे ताटलीचा आवाज नाही, कुकरचा नाही आणि तुझा नाही. मी म्हटलं, बरं आहे, माझीही जीभ तेवढीच वाचेल.

धुताना बघितलं, यांचा सदरा पाठीला भिजलेला. पुढून कोरडा. घामाचा वास नव्हता. भिजलेल्या लाकडाचा.

ता. २२, शनिवार

काल कचेरीतून शिपाई आला. विचारत होता, साहेब दोन दिवस दुपारनंतर येत नाहीत, तब्येत बरी नाही का. मी हो म्हणून सांगितलं. शिपायासमोर काय सांगू, की साहेब बागेतल्या शेडमध्ये भिंतीला टेकून बसले आहेत.

आत जाऊन मी नाही नाही ते बोलले. नोकरी, घरभाडं, लोक काय म्हणतील, सगळं. पाय पसरून बसले होते. ऐकत होते. एरवी माझ्या दहा वाक्यांवर एक तरी खवचट उत्तर असतं आणि त्या उत्तराने मी आणखी चिडते, पण निदान घरात दोन माणसं आहेत असं वाटतं. आज काही नाही. नुसते बघत होते, कोणीतरी दुसरंच बोलतंय आणि ते ऐकू येण्यात मी अडथळा आणतेय असे.

हाताला धरून ओढलं तेव्हा उठले. पाठ भिंतीपासून सुटताना आवाज झाला, ओलं कापड फरशीवरून उचलावं तसा. ते उठल्यावर बघितलं. भिंतीवर यांचा आकार. त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, तो पहिला. परत आलाय.

ता. २४, सोमवार

ठरवलं, की जे मी बंद केलं ते मीच उघडते. हे सकाळपासूनच आत जाऊन बसलेले; मी हातोडी घेऊन मागच्या भिंतीच्या पट्ट्या उपसल्या, पातीने लांबी उकरली. चांगल्या हातभर लांब अशा चार फटी मोकळ्या केल्या. आत उजेड गेलेला दिसला. बरं वाटलं.

स्वयंपाक करून परत गेले तर चारही भरलेल्या. लांबीने नव्हे. करड्या, मऊ, चघळून लगदा केलेल्या कशाने तरी. हात लावला. अजून ऊबदार होता. पातीने काढला तर त्यात धागे निघाले, आणि एक बटण. निळ्या दोऱ्याचे टाके असलेलं. पांढरा दोरा संपला म्हणून निळ्याने मीच लावलं होतं, यांच्या कचेरीच्या सदऱ्याला.

मी पुन्हा उकरलं. पलीकडून पुन्हा भरलं गेलं, माझ्या डोळ्यांदेखत. आधी लगदा पुढे येतो, मग बोट तो सपाट करतं. यांचं बोट. अंगठीचा वळ ओळखते मी.

मी ओरडून म्हटलं, बाहेर या. आतून यांचा आवाज आला, शांत. म्हणाले, वारा येतो गं, भरून टाक.

ता. २५, मंगळवार

मालकीणबाईंना जाऊन धरलं. त्या निवडत बसल्या होत्या. सूप बाजूलाही ठेवलं नाही.

म्हणाल्या, आमच्या यांनाही तशीच सवय लागली. एका उन्हाळ्यात शेडमध्ये जाऊन टेकायचे. एक दिवस दार उघडलं तर नुसती ओल होती. मग फटींतून निघायचे आणि दुपारच्या वेळी माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला येऊन बसायचे. रोज. मी इकडे पोळ्या लाटतेय आणि पाठीमागे भिंत ओली होतेय. किती वर्षं काढायची, सूनबाई. बाहेर येता आलं नाही आणि सोबत मिळाली की ते निवांत बसतील, एवढंच मला हवं होतं.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत. म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू केलं असतंस का. वर म्हणाल्या, माणूस सोशिक आहे तुझा, आमच्या यांना आवडला असणार. आणि खरं सांग, घरात तरी तू त्याला कुठे टेकू देत होतीस.

मी त्यांचं सूप भिरकावलं. दाणे घरभर झाले. त्या शांतपणे खाली बसून वेचायला लागल्या. बरीच दुपार झाली तरी त्यांची भिंत कोरडीच होती. ती बघून त्या हसल्या.

देवा, माझ्या तोंडून शिव्या निघाल्या. त्या मी परत घेणार नाही.

ता. २६, बुधवार

हे काल घरात आले नाहीत. दाराला आतून काहीतरी लावलंय.

ताट उंबऱ्याशी ठेवलं. तसंच राहिलं.

दाराशी बसून बोलले. ओरडले नाही. म्हटलं, पुन्हा वरच्या पट्टीत बोलणार नाही, सुट्टीच्या दिवशी हवं तिथे फिरा, हवी तेवढी थट्टा करा. कान लावला. श्वास ऐकू येत होते, दोघांचे. एका लयीत. मग —

मग मी देवाचं म्हणायला घेतलं, रोजचं. दुसऱ्या ओळीपासून आतूनही म्हणू लागले. दोन्ही आवाजांत. एकही शब्द न चुकता.

यांना ते कधीच पाठ नव्हतं.

ता. २७, गुरुवार

बेबीचं पत्र. भावजींचं पत्र मिळालं, म्हणते. लगेच ये, खोली ऊबदार आहे, तुझ्या जागेची सोय केली आहे, असं त्यांनी लिहिलंय म्हणे. मशीन बांधून ठेवलंय. विचारते, अक्का, रविवारी निघू ना, गाडीवर घ्यायला कोण येणार.

मी यांना पत्र लिहायला सांगितलं नव्हतं. पत्रपेटीपर्यंत कोण गेलं —

ती. मालकीणबाई. आतून यांनी लिहून दिलं असेल, तिने नेऊन टाकलं असेल. सूनबाई, सूनबाई करत.

माझ्या बहिणीचा घास. माझ्या हाताने जागा केली. नाही. उद्या पहार घेऊन आत जाते. बाहेरून होत नाही ना, मग आतून. एकेक फळी —

ता. २८, शुक्रवार

आत आहे. दार मी ढकललं तर सहज उघडलं. मीच मूर्ख, विचार केला नाही की सहज का.

हे नाहीत. भिंतीवर आहेत.

पहार मारली. फळी मऊ, ओल्या कणकेसारखी. पहार रुतते, निघते, भोक मिटतं. पुन्हा मारली. दहा वेळा, वीस वेळा. मिटतं.

दार बाहेरून लागलं. कडीचा आवाज, मग खिळे. मालकीणबाईंना हातोडी नीट धरता येत नाही, वाकडे ठोकतेय. मी भिंतीवर पहार आपटली, दारावर आपटली. आयुष्यात बोलले नाही ते बोलले. ती पलीकडून म्हणाली, चिडू नकोस सूनबाई, आत कोणी रागवत नाही. आणि लांबी भरायला लागली. हळूहळू. उजेडाची एकेक रेघ —

एक उरली आहे. मागच्या भिंतीत, वहीच्या पानाएवढी लांब. तिच्या उजेडात लिहितेय. पलीकडे गल्ली आहे, पोस्टमन तिथून जातो. हे पान ढकलते. देवा, वाऱ्याने —

भिंतीवर तो आहे. शेजारी हे. मग एक जागा — माझी, कारण पाठ टेकलेली नाही तरी ओली झालीय. आणि माझ्या पलीकडे एक जागा कोरडी ठेवली आहे. अगदी बेबीच्या अंगाची.

बेबी, निघू नकोस. भावजींचं म्हणून जे पत्र आलं ते फाड. माझ्या अक्षरातही आलं तरी फाड, पुढची पत्रं माझी नसतील. वहिनी बोलेल, ऐकून घे, तिथेच राहा. मशीनची दोरी सोड. रागवून सांगतेय असं समज, तुझ्या अक्काला दुसरं येत नाही.

बोट आलं. फटीच्या त्या टोकाला. लगदा —

निघाली नाहीस एवढं कळव. एक ओळ पुरे. पत्ता तोच, मागची गल्ली लिही. उलटटपाली कळव, बेबी, उलटटपाली क—